सावकाश पाहिलेली इटली

इटली पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा घाईंत असतो. रोमला चार दिवस, फ्लॉरेन्सला दोन, व्हेनिसला एक. पिसाचा कललेला मनोरा तर दोन गाड्यांच्या मधल्या वेळांत उरकावयाचा! घरीं परतल्यावर पाहिलेल्या स्थळांची यादी त्याला तोंडपाठ म्हणतां येते. पण त्यांपैकीं एखादें स्थळ मनांत मुरलेलें असतेंच असें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इटलींत गेलेल्या एका इंग्रज जोडप्याला मात्र घाई करणें शक्यच नव्हतें. बायकोला चार पायऱ्या चढतांना धाप लागे आणि नवऱ्याचा खिसा नेहमींच बेताचा. एवढ्या अडचणींत त्यांनीं जी इटली पाहिली, ती पुढें दोघांच्याही काव्यांत उतरली. हें जोडपें म्हणजे कवि रॉबर्ट ब्राउनिंग आणि कवयित्री एलिझाबेथ बॅरेट.

लग्नाच्या वेळीं एलिझाबेथ चाळीस वर्षांची होती आणि रॉबर्ट चौतीस. ती नामांकित कवयित्री. त्याचें नांव अजून थोड्याच लोकांना ठाऊक. तरुणपणींच तिची प्रकृति ढासळली होती. लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील वडिलांच्या घरांत, वरच्या मजल्यावरील एका खोलींत, ती महिनेच्या महिने पडून असे. अफूच्या अर्कावांचून तिला झोंप येत नसे, आणि हिंवाळा आला कीं खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद होत. १८४५ सालीं डॉक्टरांनीं सांगितलें कीं हिंवाळा पिसासारख्या उबदार गांवीं काढावा. पण वडिलांनीं परवानगी दिली नाहीं. या गृहस्थांचा हट्टच विलक्षण होता: आपल्या मुलामुलींपैकीं कोणींही लग्न करतां कामा नये! रॉबर्टचें पहिलें पत्र तिला १८४५ च्या जानेवारींत आलें, मे महिन्यांत पहिली भेट झाली, आणि १२ सप्टेंबर १८४६ रोजीं, घरांत कोणाला पत्ता न लागूं देतां, दोघांनीं सेंट मेरिलबोनच्या चर्चमध्यें लग्न लावलें. चर्चपर्यंत जातांनाच तिला घेरी आली आणि वाटेंतल्या औषधांच्या दुकानांत शिरून हुंगण्याचें औषध घ्यावें लागलें. लग्न लागल्यावर ती मुकाट्यानें वडिलांच्या घरीं परतली. आठवड्यानें, विल्सन नांवाची दासी आणि फ्लश नांवाचा कुत्रा बरोबर घेऊन, तिनें तें घर सोडलें तें कायमचें. प्रवासखर्चासाठीं रॉबर्टनें आपल्या वडिलांकडून शंभर पौंड उसने घेतले होते. असें हें देशाटन. अर्धें पलायन, अर्धें औषध.

पॅरिसमध्यें त्यांना जेम्सनबाई भेटल्या. या बाई चित्रकलेच्या मोठ्या जाणकार आणि एलिझाबेथच्या स्नेही. नव्या नवरीची दशा पाहून त्या घाबरल्या आणि आपल्या भाचीसह त्यांच्या सोबतीनेंच दक्षिणेकडे निघाल्या. मुक्कामामागून मुक्काम करीत मंडळी आव्हिन्यॉं शहराजवळच्या व्होक्ल्यूज येथें पोहोंचली. चौदाव्या शतकांत इटालियन कवि पेत्रार्क याच झऱ्याकांठीं राहत असे. लॉरावरील त्याच्या कविता साऱ्या युरोपाला ठाऊक आहेत. तेथें रॉबर्टनें पत्नीला दोन्ही हातांवर उचललें, उथळ पाण्यांतून पलीकडे नेलें आणि प्रवाहाच्या मध्यावरील एका खडकावर बसविलें. मालकीण वाहून चालली असें वाटून कीं काय, फ्लशनेंही मागोमाग पाण्यांत उडी घेतली. दोन कवींनीं तिसऱ्या कवीचें घेतलेलें हें दर्शन जेम्सनबाईंच्या मंडळींनीं कौतुकानें पाहिलें. वर्षानुवर्षें कोचावर पडून राहिलेल्या बाईला हा खडक केवढा वाटला असेल!

मार्सेलहून बोटीनें जेनोआ व लेगहॉर्नकडे आणि तेथून ऑक्टोबरच्या मध्यास पिसाला. येथें त्यांनीं सहा महिने बिऱ्हाड केलें. खोल्या कॅथीड्रलपासून हाकेच्या अंतरावर होत्या. पिसाची मौज अशी कीं गांवांतील मुख्य वास्तु एकाच हिरवळीवर उभ्या आहेत: कॅथीड्रल, बाप्तिस्म्याचें वर्तुळाकार मंदिर, कललेला मनोरा आणि कांपो सांतो नांवाची भिंतींनीं वेढलेली स्मशानभूमि. मनोऱ्याचें काम ११७३ सालीं सुरू झालें. खालची जमीन मऊ असल्यामुळें तिसरा मजला होतो न होतो तोंच तो एका अंगाला खचूं लागला आणि काम शंभरएक वर्षें थांबलें. तें थांबलें म्हणूनच मनोरा वांचला, असें स्थापत्यशास्त्रज्ञ म्हणतात; मधल्या काळांत माती दबून घट्ट झाली. १९९० मध्यें तो धोक्याचा ठरवून बंद करण्यांत आला, उत्तर बाजूची माती थोडथोडी काढून किंचित सरळ करण्यांत आला, आणि २००१ च्या अखेरीस पुन्हां उघडला. कांपो सांतोचें दैव इतकें चांगलें नव्हतें. त्याच्या भिंतींवरील ज्या चित्रांसाठीं जेम्सनबाईंसारखे कलाभ्यासक पिसाला येत, त्या चित्रांवर १९४४ च्या जुलैमध्यें तोफेच्या गोळ्यानें लागलेल्या आगींत छपराचें शिसें वितळून ओघळलें. पुढें अनेक दशकें खपून तीं सांधावीं लागलीं.

पिसांतला त्यांचा दिनक्रम मोठा सुखाचा होता. घरांत चूल नाहीं. दुपारीं दोनच्या सुमारास खानावळींतून जेवण येई आणि त्याबरोबर कियांती मद्य. सहाला कॉफी, रात्रीं नऊला भाजलेले चेस्टनट आणि द्राक्षें. पैशाचा हिशेब ठेवावयाचा, पण स्वयंपाकाची दगदग नाहीं. हवा बरी असली कीं हिरवळीपर्यंत फेरी. नसली कीं शेगडीपाशीं ग्रीक नाटकें. येथेंच एलिझाबेथनें एका पळून गेलेल्या गुलाम स्त्रीच्या तोंडीं घातलेली दीर्घ कविता पुरी करून अमेरिकेंतील गुलामगिरीविरोधी मंडळीकडे पाठविली. तिच्या घराण्याची संपत्ति जमेकांतील उंसाच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्याच घामांतून आलेली होती, हें लक्षांत घेतलें म्हणजे या कवितेचें मोल कळतें. पण पिसांतील सुखालाही गालबोट लागलें. १८४७ च्या मार्चमध्यें तिचा गर्भपात झाला. आपण गरोदर आहोंत हेंच तिच्या उशिरां ध्यानांत आलें होतें.

एप्रिलमध्यें दोघें फ्लॉरेन्सला आलीं. रॉबर्टनें इटली पूर्वीं दोनदां पाहिली होती; एलिझाबेथला सारेंच नवें. तरी पहिले कित्येक दिवस ती अंथरुणाला खिळून होती आणि शहर पाहावयाचें तें नवऱ्याच्या डोळ्यांनीं. तो सकाळीं बाहेर पडे, चर्चें आणि चित्रशाळा पाही, आणि परत येऊन तिला सांगे. पुढें ती हिंडूं फिरूं लागली तेव्हां तिनें उफीत्सींतील व्हीनसची मूर्ति पाहिली, राफाएलचीं चित्रें पाहिलीं, सांता क्रोचे चर्चमधील मायकेल अँजेलोच्या समाधीशीं उभी राहिली. आणि हें सारें आपण प्रत्यक्ष केलें याचा आनंद मित्रांना पत्रांतून अगदीं मोजून मोजून कळविला. उन्हाळ्यांत दिवसभर घरांत बसावें, गार कलिंगडें नि अंजिरें खावीं, आणि सूर्य कलल्यावर खालीं उतरावें. चौकांतील लांझी मंडपांत चेलिनीचा पर्सियस उभा आहे. मेड्युसा राक्षसीचें शिर हातांत धरलेली ही ब्राँझची मूर्ति १५५४ पासून तेथें आहे. तिच्यासमोर दोघें बसून राहत. नाहींतर आर्नोच्या पुलावरून सूर्यास्त पाहत. रोज तीच मूर्ति आणि रोज तीच नदी! घाईच्या प्रवाशाला हा वेळेचा अपव्यय वाटेल.

प्रवासाची हौस एकदां अंगाशींही आली. १८४७ च्या जुलैमध्यें, शहरांतील उकाडा चुकविण्यासाठीं, त्यांनीं व्हालोम्ब्रोझा येथील मठांत दोन महिने काढण्याचा बेत केला. मिल्टनच्या महाकाव्यामुळें या रानाचें नांव प्रत्येक इंग्रज वाचकाच्या ओळखीचें. मिल्टन त्या मठांत राहिला होता अशीही आख्यायिका आहे. पहांटे चारला निघावयाचें, डोंगराच्या पायथ्याशीं गाडी सोडावयाची, आणि तेथून पुढें चाकांचा रस्ताच नाहीं. एलिझाबेथ आणि विल्सन यांना सामानासह एका टोपलीवजा घसरगाडींत बसविलें, तिला दोन पांढरे बैल जोडले, रॉबर्ट घोड्यावर. दगडधोंड्यांतून, पाईनच्या झाडींतून, कड्यांच्या कडेकडेनें चार तास ही वरात चढत होती. देखावा अवर्णनीय, पण वर पोहोंचल्यावर कळलें कीं मठाचे नवे महंत फार कडक आहेत आणि स्त्रियांचा वावर त्यांना खपत नाहीं. रॉबर्टला मठांत मुक्त प्रवेश. तेथील ऑर्गनही त्याला वाजवावयास मिळाला. बायकांनीं मात्र बाहेरच्या पाहुण्यांच्या घरांत राहावयाचें, आणि तेंही मोजके दिवस. आर्जवें केलीं, मध्यस्थी घातली. पांच दिवसांनंतर महंतांनीं निक्षून निरोप दिला. पुन्हां तीच टोपली, तेच बैल. एलिझाबेथनें या हकालपट्टीची हकीकत मोठ्या विनोदानें लिहिली आहे. वडिलांच्या घरीं ज्या बाईला खोलीबाहेर जाण्याची चोरी, तिला इटलींत खोलींत शिरण्याची चोरी झाली!

या फजितीचा एक मोठा फायदा झाला. परत आल्यावर घर शोधणें भाग पडलें, आणि त्यांना कासा ग्विदी मिळालें. पित्ती राजवाड्यासमोर, सान फेलीचे चर्चच्या अगदीं पुढ्यांत, हें पंधराव्या शतकांतील वाडेवजा घर आहे. त्यांतील सात खोल्या, दोघांना जेमतेम हिंडतां येईल असा चिंचोळा सज्जा, आणि राजवाड्यामागील बोबोली उद्यानांत फिरण्याची मुभा. एवढ्याचें भाडें आठवड्याला एक गिनी. सज्जांत उभें राहिलें कीं चर्चमधील प्रार्थना ऐकूं येत. प्रकृतीच्या मानानें याहून सोयीचें घर कोणतें? शहर पाहावयास जावें लागत नव्हतें; शहरच खिडकीखालून जात होतें.

आणि खरोखरच एके दिवशीं तें गेलें. १२ सप्टेंबर १८४७. लग्नाला बरोबर एक वर्ष झालें होतें. त्या काळीं इटली हें एक राष्ट्र नव्हतें. उत्तरेस लोंबार्डी आणि व्हेनिस ऑस्ट्रियाच्या ताब्यांत, मध्यभागीं पोपचें राज्य, दक्षिणेस नेपल्सचा राजा, आणि फ्लॉरेन्स ज्या तस्कनी प्रांतांत आहे तेथें ग्रँड ड्यूक दुसरा लिओपोल्ड. या ड्यूकनें नागरिकांना स्वतःचें रक्षकदल उभारण्याची परवानगी दिली, तिच्या आनंदाप्रीत्यर्थ साऱ्या तस्कनींतील गांवांगांवांचे लोक आपापलीं निशाणें घेऊन पित्ती राजवाड्याकडे निघाले. कासा ग्विदीच्या खिडकींतून हें जोडपें तीन तासांहून अधिक वेळ ती मिरवणूक पाहत होतें. खिडक्याखिडक्यांतून फुलें पडत होतीं, अनोळखी माणसें एकमेकांना मिठ्या मारीत होतीं. दोन वर्षांच्या आंत सारें फिरलें. ड्यूक पळाला, मग ऑस्ट्रियन संगिनींच्या आश्रयानें परत आला. १८४९ च्या मे महिन्यांत तेच रस्ते ऑस्ट्रियन सैन्यानें भरले, आणि एलिझाबेथनें तेंही त्याच खिडकींतून पाहिलें. तिच्या मांडीवर तेव्हां दोन महिन्यांचा मुलगा होता. १८५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या काव्याचें नांवच कासा ग्विदीच्या खिडक्यांवरून पडलें आहे. त्याच्या दोन भागांत हीं दोन दृश्यें आहेत. पहिल्या भागांतल्या आपल्या भाबड्या आशेबद्दल तिनें दुसऱ्या भागांत स्वतःलाही सोडलेलें नाहीं. इतिहासाकडे खिडकींतून पाहणाऱ्यावर टीका करणें सोपें आहे. पण त्या वेळीं इटलींत फिरणाऱ्या कितीतरी इंग्रज प्रवाशांच्या रोजनिशींत चित्रें, पडके मनोरे आणि खानावळींचीं बिलें यांपलीकडे जिवंत इटालियन माणूस क्वचितच आढळतो, हेंही विसरूं नये.

दरम्यान बिऱ्हाडाची धांदल चालूच होती. १८४७ च्या हिंवाळ्यांत कासा ग्विदी सोडून त्यांनीं दुसऱ्या जागेचें सहा महिन्यांचें भाडें ठरविलें, आणि मग कळलें कीं तेथें ऊनच येत नाहीं. एलिझाबेथला तर ऊन हेंच औषध. रॉबर्टनें तत्काळ पित्ती चौकांतील एक उन्हाची जागा घेतली आणि दोन्ही जागांचे पैसे सोसले. पुढील मे महिन्यांत कासा ग्विदी बिनसामानाचें, वर्षाला पंचवीस गिन्यांत, मिळालें. क्रांतीच्या भीतीनें परदेशी लोक शहर सोडून चालले होते म्हणून भाडीं उतरलीं होतीं. मग जुन्या बाजारांत हिंडून कोरीव लांकूडसामान, जुनीं चित्रें, गालिचे जमविण्याचा रॉबर्टला छंदच लागला.

१८४८ च्या उन्हाळ्यांत तीं आड्रियाटिक किनाऱ्यावरील फानो गांवीं गेलीं. सारा उन्हाळा तेथें काढावयाचा होता. पण ऊन असें कीं गवत करपून गेलेलें, आणि तीन दिवसांत पुढच्या आंकोना बंदराकडे निघावें लागलें. या तीन दिवसांत त्यांनीं काय पाहिलें? सेंट ऑगस्टिनच्या चर्चमधील ग्वेर्चिनोचें एक चित्र, आणि तें तीन वेळां. लहान मुलाला हात जोडावयास शिकविणारा पंखधारी देवदूत, एवढाच त्याचा विषय. कलेच्या बाजारांत ग्वेर्चिनोचा भाव तेव्हां फार मोठा नव्हता. पण रॉबर्टनें त्यावर जी कविता लिहिली तींत तो त्या देवदूताला विनवितो कीं, त्या मुलासारखा तूं मलाही पंखाखालीं घे. पत्नीच्या आजाराची अखंड काळजी वाहणाऱ्या माणसाला तें चित्र तीनदां पाहावेंसें कां वाटलें, हें या कवितेवरून समजतें.

एलिझाबेथ जितकी हिंडली फिरली ती बहुतेक लुक्काच्या उष्ण झऱ्यांच्या डोंगराळ गांवीं. १८४९ च्या उन्हाळ्यांत, मुलगा झाल्यावर आणि रॉबर्टची आई वारल्याच्या दुःखानें तो खचलेला असतांना, कुटुंब तेथें राहावयास गेलें. एके दिवशीं गाढवांवर बसून मंडळी डोंगरमाथ्यावरील प्रातो फिओरितो नांवाच्या फुलांच्या कुरणापर्यंत जाऊन आली. आपल्याकडे गाढवावर बसणें म्हणजे धिंड. तिकडे डोंगरवाटांवर तेंच भरंवशाचें वाहन. वाट कोरड्या ओढ्यांतून आणि कड्यांवरून; सारा दिवस गेला; पण विंपोल स्ट्रीटच्या कोचावरची ती बाई तान्ह्या मुलासह डोंगर चढून उतरली. याच मुक्कामांत तिनें, लग्नापूर्वीं गुपचूप लिहिलेलीं आपलीं प्रेमाचीं सुनीतें प्रथम नवऱ्याच्या हातीं ठेवलीं. तीं १८५० सालीं, पोर्तुगीजमधून भाषांतरित केल्याचा बहाणा करणाऱ्या नांवाखालीं, छापलीं गेलीं.

दोघांच्या आवडी नेहमींच जुळत असें मात्र नाहीं. १८५१ सालीं व्हेनिसमध्यें महिनाभर राहिलीं, तेव्हां एलिझाबेथला वाटे कीं येथून कधीं हलूंच नये. संध्याकाळीं सेंट मार्कच्या चौकांत उघड्या आकाशाखालीं कॉफी घेत बँड ऐकावा, फ्रेंच वर्तमानपत्रें वाचावीं. चाकांचा खडखडाट नाहीं, धूळ नाहीं. रॉबर्टला मात्र तेथील हवा मुळींच मानवली नाहीं. त्याची झोंप उडाली, भूक मेली. आणि रोम? १८५३ च्या नोव्हेंबरांत मोठ्या आशेनें तीं रोमला पोहोंचलीं, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांचे स्नेही, अमेरिकन शिल्पकार स्टोरी, यांचा सहा वर्षांचा मुलगा तापानें दगावला. एलिझाबेथची रोममधील पहिली फेरी झाली ती कोलोसियमला नव्हे, तर प्रॉटेस्टंट स्मशानाकडे. कीट्स आणि शेली तेथेंच पुरलेले आहेत. त्या शहरावर तिचें मन पुढें कधींच पुरतें बसलें नाहीं.

रॉबर्टच्या काव्याला या संथ दिवसांनीं काय दिलें हें १८५५ च्या संग्रहांत दिसतें. फ्रा लिप्पो लिप्पी आणि आंद्रेआ देल सार्तो या चित्रकारांच्या तोंडीं घातलेलीं त्यांतील स्वगतें प्रसिद्धच आहेत. इंग्लंडांतील एका स्नेह्यानें पित्ती राजवाड्यांतील आंद्रेआ व त्याची बायको यांच्या चित्राची प्रत मागितली, ती मिळेना, म्हणून रॉबर्टनें कविताच लिहून पाठविली असें सांगतात. १८६० च्या जूनमध्यें सान लोरेंझो चौकांतील जुन्या बाजारांत, मोडक्या चौकटी आणि फाटके पडदे यांच्या ढिगांतून, त्यानें एक पिंवळट बाड एका लिऱ्याला उचललें. घरीं पोहोंचेपर्यंत रस्त्यानें चालतां चालतांच तें वाचून काढलें. रोममध्यें १६९८ सालीं चाललेल्या एका खुनाच्या खटल्याचे ते कागद होते. त्यांतून एकवीस हजारांवर ओळींचें महाकाव्य निघालें. तें १८६८-६९ मध्यें प्रसिद्ध झालें.

तें वाचावयास एलिझाबेथ नव्हती. वडिलांचा राग शेवटपर्यंत निवळला नाहीं. तिचीं पत्रें फोडल्याशिवाय परत आलीं आणि १८५७ सालीं ते वारले. १८६१ च्या मार्चमध्यें इटलीचें राज्य जाहीर झालें; जूनच्या आरंभीं त्याचा शिल्पकार काव्हूर गेला, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस पहांटे, कासा ग्विदीमध्यें, नवऱ्याच्या हातांवर तिनें प्राण सोडला. अंत्ययात्रेच्या दिवशीं त्या भागांतील दुकानें बंद होतीं. फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेनें घरावर संगमरवरी शिला बसविली. तिच्या काव्यानें इटली व इंग्लंड यांना जोडणारी सोन्याची अंगठी घडविली, अशा आशयाचे शब्द तीवर कोरलेले आहेत.

रॉबर्टनें महिन्याभरांत मुलाला घेऊन फ्लॉरेन्स सोडलें आणि त्या शहरांत पुन्हां कधीं पाऊल टाकलें नाहीं. निघण्यापूर्वीं त्यानें बैठकीच्या खोलीचें, खुर्च्या, पुस्तकें, आरसा सारें जागच्या जागीं असतांना, एक चित्र काढवून घेतलें. सतरा वर्षांनीं तो इटलींत परतला तो दुसऱ्याच वाटांनीं. आणि ज्या व्हेनिसची हवा त्याला एकदां मानवली नव्हती, तेथेंच, मुलाच्या रेझोनिको प्रासादांत, १२ डिसेंबर १८८९ रोजीं वारला. फ्लॉरेन्सच्या इंग्रजी स्मशानांत पत्नीशेजारीं त्याला ठेवावयाचें तर तें स्मशान बंद झालेलें होतें; म्हणून त्याचें शव लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें नेलें. कासा ग्विदीच्या खोल्या पुढें इंग्लंडांतील ईटन विद्यालयाकडे आल्या. त्याच जुन्या चित्राच्या आधारें बैठक पूर्ववत् सजविण्यांत आली, आणि त्या खोल्या प्रवाशांना थोड्या दिवसांकरितां भाड्यानेंही मिळूं लागल्या. सज्जा तेवढाच चिंचोळा आहे, आणि समोर सान फेलीचेची भिंत.